फोनचे मोठे अपडेट: घाई कधी करावी, केव्हा थांबावे

फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारच्या तक्रारी सुरू होतात. एकाने अपडेट घेतलेले असते आणि त्याची बॅटरी दुपारीच उतरते; त्याच मॉडेलचा फोन वापरणाऱ्या शेजाऱ्याला मात्र अपडेट दिसतही नाही आणि कंपनीने आपल्याला वगळले, असे त्याला वाटते. दोघांचाही अनुभव खरा असतो, पण त्यावरून स्वतःचा निर्णय घेण्यापूर्वी उशीर कुठे होतो हे समजून घ्यावे.

आयफोन आणि त्याची प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे आयओएसची नवी आवृत्ती साधारणतः सप्टेंबरमध्ये सर्व पात्र फोनांसाठी एकदमच खुली होते. अँड्रॉइडचे तसे नाही. गूगलने मूळ प्रणाली दिल्यानंतर क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी आपला भाग जुळवून देते, फोनची कंपनी त्यावर वन यूआय, हायपरओएस, कलरओएस असा आपला थर चढवते, मॉडेलनिहाय चाचण्या घेते आणि मग आधी थोड्या फोनांना व तक्रारी आल्या नाहीत तर उरलेल्यांना, असे टप्प्याटप्प्याने अपडेट सोडते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने चिपशी निगडित भाग वेगळा काढून हे काम बरेच सोपे केले, तरीही अंतर उरलेच. अँड्रॉइड १५ गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहोचले. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ साठी त्यावर आधारलेल्या वन यूआय ७ चे वितरण एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले. शेजाऱ्याला आले आणि आपल्याला नाही, याचे कारण बहुधा हे टप्पेच असतात.

म्हणून अँड्रॉइड फोनमध्ये सर्वप्रथम आवृत्तीचा क्रमांक बाजूला ठेवून सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात जावे आणि सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची, तारीख पाहावी. तेथे महिन्याची १ किंवा ५ तारीख दिसते. ५ तारीख असल्यास त्या महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्यांमध्ये चिप आणि कर्नलशी (प्रणालीच्या गाभ्याशी) संबंधित दुरुस्त्याही आलेल्या असतात. ही तारीख अलीकडची असेल, तर मोठी आवृत्ती चार महिने उशिरा आली तरी बिघडत नाही, असे माझे ठाम मत आहे. उलट ती वर्षभर जुनी असेल आणि कंपनीने त्या मॉडेलचा पाठिंबा थांबवला असेल, तर बँकेचे व्यवहार करण्यासाठी त्या फोनवर विसंबू नये.

इतरांच्या प्रतिक्रिया वाचताना तक्रार आपल्याच मॉडेलची आहे का, आणि ती अपडेटनंतर कितव्या दिवशी लिहिली आहे, हे पाहावे. अपडेटनंतरचे दोन-तीन दिवस फोन आतल्या आत छायाचित्रांची नव्याने सूची करतो, ॲप्स जुळवून घेतो आणि त्यामुळे गरम होतो. दुसऱ्या दिवसाच्या बॅटरीच्या तक्रारीला म्हणून फार वजन देऊ नये, दुसऱ्या आठवड्यातील तक्रारीला मात्र द्यावे. कॉल लागत नाही, बोटाचा ठसा ओळखला जात नाही, बँकेचे ॲप उघडत नाही, अशा तक्रारी पहिल्याच दिवशी गंभीर मानाव्यात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ मुळे आयफोन ६ आणि ६ प्लसचे नेटवर्क गेले, टच आयडी (बोटाचा ठसा ओळखण्याची सोय) बंद पडला आणि ॲपलला ते अपडेट त्याच दिवशी मागे घ्यावे लागले. मोठ्या आवृत्तीसाठी आठ-दहा दिवस थांबण्याने काही गमावत नाही. केवळ सुरक्षेचे छोटे अपडेट असेल, तर ते लांबवू नये.

‘कंपन्या जुने फोन मुद्दाम संथ करतात’ हा संशय निराधार नाही. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग आवरला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपल व सॅमसंग या दोघांनाही दंड केला. तरीही फोन संथ वाटला की प्रथम बॅटरीची स्थिती आणि मोकळी जागा तपासावी.

अपडेटसाठी शुक्रवारची रात्र निवडावी. ठाणे-वाशी मार्गावर रोज प्रवास करणाऱ्यांचा पास, यूपीआय आणि कार्यालयाचे ॲप एकाच फोनमध्ये असते. रविवारी रात्री काही अडले, तर सोमवारची सकाळ फलाटावरच कठीण होते. आधी छायाचित्रांचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा. फोन पुन्हा सुरू झाल्यावर बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो; घरातील ज्येष्ठांना तो आठवतो का, हे आधी विचारावे. पुढे फोन रिसेट करावा लागलाच, तर यूपीआय त्याच सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा जोडावे लागते. जुन्या आवृत्तीवर परतणे बहुतेक फोनांत शक्य नसते किंवा त्यासाठी सगळा डेटा पुसावा लागतो. आणि अपडेट म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (ॲप थेट बसवणारी फाइल) पाठवली, तर ती कधीही उघडू नये. खरे अपडेट सेटिंग्जमध्येच येते.

आठवडा उलटूनही त्रास राहिला, तर तक्रार नेमकी लिहावी: मॉडेल, बिल्ड क्रमांक (‘फोनविषयी’मध्ये दिसणारा प्रणालीचा नेमका क्रमांक), अपडेटची तारीख, आणि बिघाड कुठे व केव्हा होतो. कळवा-मुंब्र्यादरम्यान पारसिक बोगद्यात नेटवर्क जाणे हा अपडेटचा दोष नव्हे; घरात, त्याच खिडकीपाशी, दुसऱ्या फोनवर त्याच कंपनीचे सिम नीट चालते आणि आपल्या फोनमध्ये चालत नाही, हे लिहिले तर त्याला अर्थ आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये फोन देताना जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) हे वर्णन जसेच्या तसे नोंदवून घ्यावे. तेथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना तोच कागद हाताशी ठेवावा.