गाठीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारायचं

मी लातूरला ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. स्तन वाचवून नुसती गाठ काढणार असतील, तर बायांनो, लाजू नका, आधी विचारा: "काढलेल्या तुकड्याच्या कडा कशा तपासणार?" कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या तर पुन्हा टेबलावर यावं लागू शकतं.

काढलेल्या तुकड्याला आमच्याकडं खुणेचे टाके घालतात. आखूड धागा म्हणजे वरची बाजू, लांब धागा म्हणजे बाहेरची. मग त्याचा एक्स-रे. गाठ, तिच्यातले चुन्याचे कण, गाठीची जागा दाखवायला आधी घातलेली खुणेची तार पूर्ण आली का ते कळतं. सुट्या पेशी मात्र एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून फ्रोझन सेक्शनची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची सोय आहे का तेही विचारा. नसली तरी घाबरू नका, पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येतोच.

अमेरिकेत २०२४ मध्ये ल्युमिसाइट या औषधाला मंजुरी मिळाली. इमेजिंगच्या २ ते ६ तास आधी ते शिरेतून देतात. गाठ काढल्यावर पोकळीत कॅमेऱ्याची दांडी धरली की उरलेला संशयित भाग चमकतो. तीव्र ॲलर्जीचा धोका असतो, म्हणून औषधांची ॲलर्जी असेल तर ती लपवू नका.

येताना बायोप्सीचा रिपोर्ट आणि मॅमोग्राफीच्या फिल्म आणा. फिल्मची घडी घालू नका.