स्टीलच्या घड्याळपट्ट्याच्या रेघा पुन्हा ओढण्याआधीची तयारी

ब्रश फिनिश म्हणजे पट्ट्याच्या लांबीने एकाच दिशेला गेलेल्या बारीक समांतर रेघा. ओरखडा डोळ्याला खुपतो, कारण तो या रेघांना आडवा जातो. तो खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. त्याच्यावरून रेघा सरळ ओढल्या की तो त्यांत मिसळतो. घासायला पंधरा मिनिटं पुरतात, तयारीला मात्र सकाळ ठेवा.

आधी धातू ओळखा. लॉकच्या आत ‘स्टेनलेस स्टील’ असा शिक्का आहे का ते पाहा. सोनेरी किंवा काळा रंग चढवलेल्या भागाला हात लावू नका, तो थर फार पातळ असतो. जुन्या घड्याळांत पट्टा स्टीलचा आणि केस, म्हणजे घड्याळाची धातूची डबी, क्रोम चढवलेल्या पितळेची, असं पुष्कळदा असतं. अशी केस घासली की खालून पिवळं पितळ उघडं पडतं आणि घरच्या घरी ते झाकायचा इलाज नाही. पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्या असतील तर हात हलकाच ठेवा.

सामान तालुक्याच्या गावी किंवा आठवडी बाजाराला जाल तेव्हा एकदाच आणा. भांडी घासायची हिरवी घासणी नवी कोरी हवी. वापरलेलीत अडकलेला खडा एकच वेडा ओरखडा पाडतो. गाड्यांच्या पेंटच्या दुकानात राखाडी, जास्त मऊ घासणी मिळाली तर तीही घ्या. तिथेच काळा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) ४०० आणि ६०० नंबरचा एकेक, मास्किंग टेप आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मिळेल. केसच्या दोन शिंगांमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो तिथलं, अंतर मिलिमीटरमध्ये मोजून त्या मापाच्या, पट्टा धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंग पिना जादा आणा. १८, २० आणि २२ ही नेहमीची मापं. तारेची घासणी मात्र नको. साध्या लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पावसाळ्यात पट्ट्यावर गंजाचे ठिपके उठतात.

पट्टा घड्याळापासून सोडवायच्या आधी दोन्ही टोकांचे फोटो काढा, कारण परत लावताना टोकाची कडी चुकून उलटी बसवली जाते. काम परातीत पांढरं फडकं अंथरून करा. पिन सुटली की उडते, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती शोधणं कठीण. घड्याळ पिशवीत घालून बाजूला ठेवा, चावीच्या फटीत भुकटी जायला नको.

मग धुणं. याला कंटाळू नका. काळ्या मातीची धूळ आणि घाम कड्यांच्या सांध्यांत घट्ट बसतो आणि घासताना तीच माती वाळूसारखी काम करते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकून पट्टा अर्धा तास भिजवा, मऊ टूथब्रशने सांध्यांतून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत घासा. संडासाचं अ‍ॅसिड किंवा ब्लीच अजिबात नको, स्टीलला बारीक खड्डे पडतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातलं मीठ सांध्यांत वाळून बसतं.

पट्टा पूर्ण वाळला की चकचकीत ठेवायच्या कड्या आणि कडांवरची तिरपी चमकती पट्टी टेपने झाका. टेपची कड नखाने दाबून बसवा. तिथे फट राहिली की चमकत्या भागावर रेघ उमटते आणि ती काढायला वेगळं पॉलिश लागतं. मग सागाच्या सपाट फळीवर दुहेरी टेप लावून पट्टा ताणून सरळ चिकटवा. फळीवर पेन्सिलने पट्ट्याला समांतर रेघ मारून घ्या, हात भरकटला की लगेच दिसतो. घासणीचा तुकडा पट्ट्यापेक्षा रुंद कापा आणि खोडरबराएवढ्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी धरली तर दाब बोटांखालीच पडतो आणि कड्या मधोमध खोलगट दिसू लागतात.

आधी लॉकच्या आतल्या बाजूला चार फटके मारून रेघ मूळच्या शेजारी ठेवून पाहा. फार बारीक, गुळगुळीत वाटली तर ६०० किंवा ४०० चा पेपर, फार जाड वाटली तर राखाडी घासणी. फटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात, एकाच दिशेला; परत येताना हात उचला. मागे-पुढे खसाखसा घासलं की जिथे हात वळतो तिथे रेघा वाकतात. दर आठ-दहा फटक्यांनी थांबून सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. डोक्यावरच्या उन्हात काहीच कळत नाही. नखाला अडकणारा खोल ओरखडा राहिला तर राहू द्या, त्याच्यासाठी बाकीची कडी झिजवू नका.

शेवटी टेप काढून पट्टा पुन्हा साबणाने धुवा, फडक्याने टिपा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सांध्यांतलं पाणी पूर्ण वाळल्यावरच नव्या पिना बसवा आणि दोन्ही बाजूंनी हलकासा ओढून पिन बसल्याची खात्री करा.