शाळेचा लेऑफ आणि ईआय: या चुका टाळा

जून संपत आला की कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेच प्रश्न फिरायला लागतात आणि त्यांना तीच चुकीची उत्तरं मिळतात. शाळेत एज्युकेशनल असिस्टंट, लंचरूम सुपरवायझर, बस ड्रायव्हर, सप्लाय टीचर (बदली शिक्षक) अशी कामं करणाऱ्यांना सुट्टीत लेऑफ मिळतो, म्हणजे काम आणि पगार तात्पुरता थांबतो, आणि कितीतरी घरं एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सवर, म्हणजे ईआय या सरकारी बेरोजगारी विम्यावर चालतात. वर्षभर तुमच्याच पगारातून हप्ता कापला गेलाय, तेव्हा क्लेम करायला संकोच नको. फक्त नियम स्वतः वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्लेम चालू ठेवून भारतात जाणं. ओळखीतल्या एक ताई, शाळेत असिस्टंट. जुलैत वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी पुण्याला गेल्या आणि चांगल्या महिनाभर राहिल्या. दर दोन आठवड्यांचा रिपोर्ट तिथूनच भरत होत्या. त्यात स्पष्ट प्रश्न असतो: या काळात सोमवार ते शुक्रवार तुम्ही कॅनडाबाहेर होता का? कुणीतरी सांगितलं होतं, "सगळीकडे नाही म्हणायचं, मग प्रॉब्लेम येत नाही." त्यांनी 'नाही' दाबलं. पैसे आले, विषय संपला असं वाटलं. पुढच्या वर्षी चौकशीचं पत्र आलं, प्रवासाच्या तारखांसकट. देशाबाहेर जाण्या-येण्याची नोंद सीमा विभागाकडे असते आणि ती ईआयच्या माहितीशी ताडून पाहिली जाते. मिळालेले पैसे परत करावे लागले, वर दंड. शिवाय खोट्या माहितीचा ठपका बसला की पुढच्या क्लेमला लागणारे तास वाढतात, सव्वापटीपासून दुपटीपर्यंत.

वाईट याचं वाटतं की खरं सांगून त्यांचं फारसं काही गेलं नसतं. बाहेर असलेल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत, पण ते आठवडे खर्चीही पडत नाहीत. क्लेमचा काळ साधारण 52 आठवड्यांचा असतो, तेवढ्यात पुन्हा लेऑफ मिळाला तर ते वापरता येतात. जवळच्या नातेवाइकाचा अंत्यविधी किंवा गंभीर आजारपण असेल तर सलग 7 दिवसांपर्यंत सवलतही आहे. मी लोकांना तिकीट काढल्या दिवशीच तारखा कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांगते. रिपोर्ट भरताना त्या समोर असल्या पाहिजेत. आधीच चुकीचं भरलं असेल तर चौकशी सुरू व्हायच्या आत स्वतः कळवा. तसं केलं तर दंड टळू शकतो.

दुसरी चूक तासांची. ईआयला तुमच्या भागातल्या बेरोजगारीनुसार 420 ते 700 तास लागतात. ऑन्टारिओत शाळेचं वर्ष किमान 194 दिवसांचं. रोज 2 तास लंचरूम केलं तर 388 तास होतात, म्हणजे सगळ्यात कमी अटीतही बसत नाही. रोज 6 तासांच्या असिस्टंटला ही काळजी नाही. कमी तासवाल्यांनी वर्षभरातल्या प्रत्येक नोकरीचे तास जोडावेत. शनिवार-रविवारचं दुकानातलं काम सांगायला लोक विसरतात आणि मग 'आपल्याला मिळत नाही' म्हणून मोकळे होतात.

करारावरच्या शिक्षकांना उन्हाळा, ख्रिसमस आणि मार्च ब्रेकमध्ये नेहमीचं ईआय सहसा मिळत नाही. करार खरोखर संपला असेल, काम सुटं सप्लायचं असेल किंवा शिकवण्याव्यतिरिक्त दुसऱ्या नोकरीचे तास पुरेसे असतील तर गोष्ट वेगळी. जूनमध्येच सप्टेंबरचा करार हातात पडला असेल तर 'करार संपला' हे पटवणं कठीण. असिस्टंट आणि बस ड्रायव्हरला हा नियम लागू नाही, म्हणून अर्जात हुद्दा नेमका लिहा. उगाच 'टीचर' लिहू नका.

आरओईची, म्हणजे मालक देतो त्या कामाच्या तासांच्या आणि पगाराच्या दाखल्याची (रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट), वाट बघत बसू नका. शेवटच्या कामाच्या दिवसानंतर 4 आठवड्यांच्या आत अर्ज केला नाही तर पैसे बुडू शकतात. आरओई मालक मागाहून पाठवतो.

जुलैत समर कॅम्पचं काम केलंत? कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात दाखवा, खात्यात कधीही जमा होवो. आणि आकडा कापाकापीच्या आधीचा. काम केलं तर ईआय जातं, ही भीतीही सोडा. ठरावीक मर्यादेपर्यंत कमावलेल्या डॉलरमागे ईआयमधून 50 सेंटच कापले जातात, म्हणजे काम करणारा घरी बसणाऱ्यापेक्षा पुढेच राहतो.

सप्टेंबरला शाळा परत बोलावणार हे माहीत असलं तरी उन्हाळ्यात काम शोधावं लागतं. कुठे, कधी अर्ज केला त्याची वही ठेवा. ईआयवाले ती मागू शकतात, आणि त्या वेळी आठवून आठवून लिहिलेली यादी लगेच ओळखू येते.