तीन चाइल्ड सीट एका रांगेत बसवायच्यात? गाडी घेताना या चुका टाळा

मागे तीन सीटबेल्ट आहेत म्हणजे तीन चाइल्ड सीटही बसतील, असं धरून बुकिंगचे पैसे भरू नका. चाइल्ड सीट साधारण ४४ सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. तिन्ही मिळून झाले १३२. दोन दारांच्या आतल्या बाजूंमध्ये किती जागा आहे, हे ब्रोशरमध्ये सहसा सापडत नाही. तिथे असते बाहेरची रुंदी, आणि ती फसवते. सात सीटची अर्टिगा १७३५ मिलिमीटर रुंद, तर पाच सीटची ब्रेझा १७९०. ‘मोठी’ गाडी चक्क अरुंद! तिसरी रांग लांबीतून निघते, रुंदीतून नाही.

म्हणून तिन्ही सीट आणि मापायची टेप घेऊनच शोरूमला जा. नागपुरात वर्धा रोड असो की कामठी रोड, ‘आरामात बसतील साहेब’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ‘भाऊ, बसवूनच पाहतो’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. दारं लावून बघा. नुसती दाबून बसलेली सीट, दार लावताच तिरकी होते.

टॉप मॉडेलचा मोह

सहा-सात सीटच्या बऱ्याच गाड्यांमध्ये वरच्या व्हेरिएंटला मधल्या रांगेत सलग बाकाऐवजी दोन सुट्या खुर्च्या, म्हणजे कॅप्टन सीट येतात. दिसायला झकास, पण मधली जागाच गेली. इनोव्हा क्रिस्टा, कॅरेन्स, अल्काझार यांत बेंच (सलग बाक) आणि कॅप्टन असे दोन्ही प्रकार विकले गेलेत, तेव्हा सेकंडहँड घेतानाही मधली रांग डोळ्यांनी पाहा. मधल्या जागेचा पट्टा जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा असतो. खांद्यावरून येणारा पट्टा नसेल तर तिथे बूस्टर (मोठ्या मुलाला उंच करणारी बैठक) ठेवता येत नाही.

आयसोफिक्सचा हट्ट

आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे हूक बहुतेक गाड्यांत फक्त दारांकडच्या दोन जागांना असतात. हुकात अडकवलेली सीट इकडेतिकडे सरकत नाही, आणि नेमके तेच दोन-तीन सेंटीमीटर मधल्या सीटला कमी पडतात. अशा वेळी एक कडेची सीट आयसोफिक्सऐवजी गाडीच्या पट्ट्याने बांधून दाराकडे सरकवा (त्या सीटच्या पुस्तिकेत पट्ट्याची परवानगी हवी). पट्टा नीट ताणला तर तीही घट्ट बसते. पट्टा जातो तिथे धरून हलवा; अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. ही तपासणी शेजारची सीट काढून करा, नाहीतर सीट एकमेकींच्या आधाराने घट्ट वाटतात.

आणखी एक युक्ती: मागे तोंड असलेली सीट दोन पुढे तोंड असलेल्यांच्या मध्ये ठेवून पाहा. दोघींचा रुंद भाग वेगवेगळ्या उंचीवर येतो, त्यामुळे कधीकधी कोडं सुटतं. मागे तोंड असलेल्या सीटला गाडीच्या तळावर टेकणारा पाय असेल तर मात्र मधला उंचवटा आडवा येतो. पायाखाली झाकण असलेला कप्पा असेल तर तिथेही तो टेकवू नये.

बकल सापडत नाही?

मोठं लेकरू बूस्टरवर बसतं, आणि त्याला दरवेळी गाडीचाच पट्टा लावावा लागतो. शेजारच्या सीटचा तळ त्या बकलवर बसला की रोज शाळेच्या घाईत रडारड ठरलेली. म्हणून बूस्टर दाराकडे ठेवा आणि लेकराला स्वतः बकल लावायला सांगून पाहा. बकलची लांबी वाढवायला बाजारातले जोडपट्टे घेऊ नका.

आजी कुठे बसणार?

हा प्रश्न शोरूममध्ये कोणीच विचारत नाही. मधली रांग तीन सीटांनी भरली की तिसऱ्या रांगेत जायला वाट उरत नाही, कारण बांधलेली सीट दुमडता येत नाही. मग रामटेकला निघालं की आजी पुढे, आई मागे डिकीच्या दारातून चढणार का? त्यापेक्षा दोन सीट मधल्या रांगेत आणि एक तिसऱ्या रांगेत बरी वाटते. पण तिथे आयसोफिक्स आणि वरचा टेदर (चाइल्ड सीटचा वरचा भाग मागे बांधणारा पट्टा) अडकवायची सोय सहसा नसते, आणि बॅगांना जागा उरत नाही. घरात रोज पाच-सहा माणसं फिरणार असतील तर एका रांगेत तीन सीट हा हट्ट सोडून, मधल्या रांगेतली एक जागा मोठ्या माणसासाठी रिकामी ठेवलेली बरी.

मागे तोंड असलेली सीट पुढे, ड्रायव्हरशेजारी ठेवायचीच झाली, तर पुढची एअरबॅग बंद करता येते का हे आधी पाहा. येत नसेल तर ठेवूच नका. ‘थोडंच जायचंय, मांडीवर घेऊ’ हेही नको: समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा ताशी १२० आहे. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली १००० रुपये दंड आहे.

पाच तारे पाहून निवडणं

सुरक्षेचे तारे महत्त्वाचे आहेत, पण ते देणाऱ्या भारत एनकॅपच्या धडक चाचणीत मुलांचे पुतळे दोनच असतात, दीड आणि तीन वर्षांचे. तीन सीट शेजारी बसतात का, हे त्यातून कळत नाही.

सगळं करूनही दोन सेंटीमीटर कमी पडत असतील, तर आधी एक अरुंद सीट शोधा. गाडी बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.