संघ जिंकला, पण आघाडी फळी खेळली का? चर्चेतल्या या चुका टाळा

सीमाभागातल्या फुटबॉलप्रेमींचे मन एकाच संघात क्वचितच गुंतलेले असते. खानापूर-लोंढ्याकडचा माणूस एफसी गोवाकडे झुकतो, निपाणीकर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरील तालमींच्या सामन्यांत रमतो, आणि बेळगाव शहरात बंगळूर एफसीचा निळा शर्ट घातलेला तरुण शेजारच्या गोवेप्रेमी मामांशी रात्री उशिरापर्यंत वाद घालतो. संघ हरला तर या मंडळींचे पाच मिनिटांत एकमत होते. खरी खडाजंगी होते ती संघ जिंकल्यावर. ‘आघाडी फळी आज काही खेळली नाही,’ असे एकाने म्हणायचा अवकाश, ‘मग तीन गोल काय आभाळातून पडले?’ असा प्रश्न दुसरीकडून येतो आणि चहा गार होतो.

एकाच बाकावर मराठी, कन्नड, उर्दू आणि कोंकणी अशा चार भाषांत चालणाऱ्या या वादात ‘अटॅक’ हा शब्द मात्र सगळ्यांचा एकच असतो, आणि घोटाळ्याचे मूळ त्या शब्दातच आहे. त्यात तीन वेगवेगळी कामे दडलेली आहेत: आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ नेणे, तिथे पोहोचल्यावर गोल होऊ शकेल अशी संधी निर्माण करणे, आणि मिळालेल्या संधीचा गोल करणे. एकजण पहिल्या कामाविषयी बोलत असतो, दुसरा तिसऱ्याविषयी, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील बहुतेक या एका गफलतीतून जन्मतात.

‘जिंकलो ना, मग झाले तर’

गुणफलकावरचा आकडा सामन्याचा निकाल सांगतो. आघाडी फळी कशी खेळली हे तो सांगत नाही. २०१०चा विश्वचषक स्पेनने सात सामन्यांत अवघे आठ गोल करून जिंकला आणि बाद फेरीतले चारही सामने १-० असेच संपवले. निव्वळ गोल मोजणाऱ्याला ती आघाडी फळी दुबळी वाटेल, पण चेंडू स्वतःकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला चढाईच करू न देणे हा त्या संघाच्या डावपेचाचा भाग होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. ७ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गोव्यातल्या फातोर्ड्याला एफसी गोवाने चेन्नईयिनला ४-२ असे हरवले. उपांत्य फेरीच्या सामन्यात चार गोल म्हणजे आघाडी फळीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे कोणालाही वाटेल. परंतु पहिला सामना चेन्नईत १-४ असा गेला होता, आणि दोन्ही सामने मिळून ५-६ अशा पिछाडीमुळे गोवा स्पर्धेबाहेर पडला. साखळी फेरीतल्या अठरा सामन्यांत ४६ गोल करणाऱ्या संघाचा प्रश्न आघाडी फळीचा नव्हता, हे उघड आहे. म्हणून चर्चेला बसताना निकाल क्षणभर बाजूला ठेवावा आणि आधी ‘आज तीन कामांपैकी कोणते काम नीट झाले नाही?’ असे विचारावे. उत्तर ‘तिन्ही नीट झाली’ असेही असू शकते, आणि तसे असेल तर उगाच खुसपट काढू नये.

सगळे गोल एकाच मापाने मोजणे, किंवा काही गोल मोजायचेच नाकारणे

ही चूक दोन्ही बाजूंनी होते आणि माझ्या मते सर्वांत जास्त भांडणे हिच्यामुळेच होतात.

२०१८च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवून पाहावा. फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ असे हरवले, आणि हा निकाल वाचून फ्रान्सने चढायांचा पाऊस पाडला असेल असे वाटते. प्रत्यक्षात मध्यंतराला फ्रान्स २-१ असा पुढे होता, तेव्हा त्याचा पहिला गोल ग्रीझमनच्या फ्री किकवर क्रोएशियाच्या मांझुकिचच्या डोक्याला लागून झालेला स्वयंगोल होता आणि दुसरा गोल पेनल्टीचा होता. पोग्बा आणि एम्बापे यांचे चालत्या खेळातले गोल उत्तरार्धात आले. मध्यंतराला कोणी ‘फ्रान्सची आघाडी फळी जोरात आहे’ असे म्हटले असते तर ते चुकीचे ठरले असते, आणि सामना संपल्यावर ‘फ्रान्स फक्त नशिबाने जिंकला’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरले असते.

दुसरी बाजू बेळगावात अधिक आढळते. कॉर्नरवरून गोल झाला की ‘हा काही खेळून केलेला गोल नव्हे’ असे म्हणून तो हिशोबातून वगळला जातो. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत गोवा आणि बंगळूर यांच्यात झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यानंतर हेच घडले. गोव्याकडे त्या मोसमात १६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा कोरोमिनास होता, तरीही नव्वद मिनिटांत कोणालाच गोल करता आला नाही. जादा वेळेत गोव्याचा जाहू दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने चेंडू जाळ्यात धाडून बंगळूरला चषक मिळवून दिला. गोव्याचे पाठीराखे आजही तो गोल ‘एका कॉर्नरवरचा’ म्हणून उडवून लावतात. परंतु कॉर्नरवर कोणी कुठून धावायचे, कोणी बचावपटूला अडवून ठेवायचे आणि चेंडू जवळच्या खांबाकडे मारायचा की दूरच्या, याचा सराव प्रत्येक व्यावसायिक संघ करतो. तो आक्रमणाचाच भाग आहे आणि त्याचे श्रेय संघाला द्यायलाच हवे. (मीही गोव्याचाच पाठीराखा आहे; वरचे वाक्य लिहायला मला काही वर्षे लागली.)

उपाय सोपा आहे. प्रत्येक गोलापुढे तो चालत्या खेळातला, स्थिर चेंडूवरचा (फ्री किक किंवा कॉर्नरवरून), पेनल्टीचा की स्वयंगोल, एवढे लिहावे. सलग चार-पाच सामन्यांत चालत्या खेळातला रकाना रिकामाच राहिला तर दुखणे दुसऱ्या कामात आहे असे समजावे, मग संघ जिंकत का असेना.

चेंडूवरचा ताबा म्हणजे वर्चस्व

१ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकात जपानने स्पेनला २-१ असे हरवले, तेव्हा जपानकडे चेंडू सामन्याच्या जेमतेम १७.७ टक्के वेळ होता. पाच दिवसांनी त्याच स्पेनने मोरोक्कोविरुद्ध एक हजाराच्या आसपास पास दिले, १२० मिनिटांत एकही गोल केला नाही आणि टायब्रेकरमध्ये, म्हणजे अखेरच्या पेनल्टी फटक्यांत, ०-३ अशी हार पत्करली. एवढे सांगून हा मुद्दा संपवता येतो. ताब्याचा आकडा पाहायचाच असेल तर चेंडू मैदानाच्या कोणत्या तिसऱ्या भागात होता ते पाहावे. आपल्याच दोन बचावपटूंनी आपापसांत दिलेले पास पहिल्या कामातही धरता येत नाहीत.

फटके मोजणे, जागा न पाहणे

२०१४च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे लोळवले. त्या सामन्यात मारलेले एकूण फटके मोजले तर ब्राझीलचे जर्मनीपेक्षा जास्त भरतात. त्यामुळे ‘आम्ही पंधरा फटके मारले’ हा युक्तिवाद एकट्याने काहीच सिद्ध करत नाही.

याच अडचणीवर तोडगा म्हणून ‘अपेक्षित गोल’ हे माप आले. पूर्वी मारल्या गेलेल्या हजारो फटक्यांची नोंद घेऊन, अंतर, कोन, पायाने की डोक्याने अशा गोष्टींवरून त्या जागेवरच्या फटक्याला शून्य ते एक यांमधील किंमत दिली जाते. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर येते, तर तीस मीटरवरून मारलेल्या फटक्यांपैकी शंभरातले जेमतेम तीन-चार जाळ्यात जातात. म्हणजे लांबून मारलेले दहा फटके एका पेनल्टीची बरोबरी करत नाहीत. हे माप एका सामन्यापुरते फार ताणू नये. आठ-दहा सामन्यांची बेरीज केल्यावरच ते उपयोगी पडते.

गल्लीतल्या स्पर्धांना असे आकडे कोणी पुरवत नाही, तेव्हा साध्या वहीवर काम भागते. पानावर गोलसमोरचा साडेसोळा मीटरचा मोठा चौकोन आणि अकरा मीटरवरचा पेनल्टीचा ठिपका काढावा, आणि प्रत्येक फटक्याच्या जागी फुली मारून तो चालत्या खेळातला होता की नाही हे शेजारी लिहावे. चौकोनाच्या आत, दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात किती फुल्या पडल्या, हा आकडा सगळ्या आरडाओरड्यापेक्षा अधिक बोलका असतो. मी हा उद्योग एका पावसाळी सामन्यात पहिल्यांदा केला. आमच्या गल्लीचा संघ जिंकला होता, तरी आमचा पुढचा खेळाडू निष्क्रिय होता असे मी ठासून सांगत होतो. घरी येऊन वही उघडली तेव्हा कळले की, संपूर्ण सामन्यात चौकोनाच्या आत त्याच्यापर्यंत चेंडू दोनदाच पोहोचला होता आणि त्यांपैकी एकाचा त्याने गोल केला होता. निष्क्रिय होते ते आमचे मधले खेळाडू.

पावसाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडच्या तांबड्या मातीच्या मैदानांवर चिखल होतो, चेंडू डबक्यात थांबतो आणि जमिनीवरून दिलेला छोटा पास निम्म्या वाटेत मरतो. अशा दिवशी उंच, लांब चेंडू मारणाऱ्या संघाला ‘आडदांड’ म्हणणे अन्यायाचे आहे. रात्री दूरदर्शन संचावर पाहिलेल्या युरोपातल्या हिरवळीशी तुलना न करता, त्याच मैदानावर, त्याच अर्ध्या तासात समोरच्या संघाने काय केले याच्याशी तुलना करावी.

स्ट्रायकरचे गोल हेच स्ट्रायकरचे काम

स्ट्रायकर म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा, गोल करण्याची मुख्य अपेक्षा असलेला खेळाडू. असा ऑलिव्हिए जिरू २०१८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या सातही सामन्यांत खेळला आणि संपूर्ण स्पर्धेत त्याचा एकही फटका गोलच्या चौकटीवर गेला नाही. फ्रान्स विश्वविजेता झाला आणि प्रशिक्षक देशाँ यांनी त्याला संघाबाहेर काढले नाही. कारण तो दोन मध्य बचावपटूंना स्वतःकडे खेचून ठेवत होता, पाठ गोलकडे करून चेंडू अडवत होता आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत एम्बापे व ग्रीझमन धावत होते. आपल्या स्ट्रायकरवर बोट ठेवण्याआधी निदान दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्याकडे पाहावे. तो धावल्यावर बचावपटू त्याच्यामागे जात असतील आणि मागे जागा मोकळी होत असेल, तर तो काम करत आहे. तो धावत असूनही त्याच्यामागे कोणीच जात नसेल, तर मात्र आपली तक्रार रास्त आहे, आणि ती बिनदिक्कत मांडावी.

गोलांची आघाडी मिळाल्यानंतरचा खेळ वेगळा न काढणे

‘पहिल्या अर्ध्यात वाघ, दुसऱ्या अर्ध्यात मांजर’ ही टीका जिंकलेल्या संघावर हमखास होते. दोन गोलांनी पुढे असलेला संघ सहसा मागे सरकतो, जोखीम कमी करतो आणि प्रतिस्पर्धी पुढे आला की मोकळ्या मागच्या जागेत प्रतिहल्ला करू पाहतो. त्या काळात त्याच्या चढाया कमी होणे स्वाभाविक आहे. तपासायचे ते असे की, मागे सरकल्यावरही पुढे चेंडू धरून ठेवणारा कोणी मैदानात उरला होता का. २०२२च्या विश्वचषकाच्या फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना २-० असा पुढे असताना ६४व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर घेण्यात आले, आणि ८०व्या व ८१व्या मिनिटांना एम्बापेने दोन गोल करून बरोबरी साधली. तो बदल चुकला की फ्रान्सचे बदल फळले, यावर आजही दोन मते आहेत. अर्जेंटिना अखेरीस टायब्रेकरमध्ये ४-२ असा जिंकला, म्हणून ही चर्चा निरर्थक ठरत नाही.

यासाठी वहीतल्या फुल्यांशेजारी त्या वेळचा गोलफरकही लिहावा. बरोबरी असताना, पुढे असताना आणि मागे असताना असे तीन गट केले की ‘दुसऱ्या अर्ध्यात ढेपाळले’ हा आरोप किती खरा आहे ते दिसते.

मोबाइलवरची क्षणचित्रे

तीन मिनिटांच्या क्षणचित्रांत फसलेला पास दिसत नाही, आणि पहिले काम बिघडल्याची खूण तर नेमकी त्याच पासांत असते. ज्याने पूर्ण सामना पाहिलेला नाही, त्याने गोलांविषयी खुशाल बोलावे, आघाडी फळीविषयी बोलू नये.

तरीही वाद मिटत नसेल तर

समोरच्याला ‘तू कोणत्या मिनिटाविषयी बोलतोस?’ असे विचारावे. मिनिट सांगता आले तर दोघांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा: चेंडू कोणाकडे होता, त्याच्यासमोर किती पास शक्य होते, त्याने कोणता निवडला आणि तो का फसला. मिनिट सांगता आले नाही तर विषय पुढच्या सामन्यापर्यंत तहकूब करावा, आणि त्या सामन्याला एकाने वही घेऊन मधल्या फळीकडे व दुसऱ्याने स्ट्रायकरकडे लक्ष ठेवावे. वयाने मोठे मामा वही धरायला तयार होणार नाहीत; ते काम धाकट्याने घ्यावे, म्हणजे निदान फुल्या प्रामाणिक पडतील.