चोरून वाचलेल्या भयकादंबऱ्या पुन्हा वाचायच्या असतील तर

पुस्तक शोधायला लागायच्या आधी एक काम करा, एक कोरा कागद घ्या आणि त्या कादंबरीतलं जे जे आठवतंय ते सगळं लिहून काढा. पात्रांची नावं नाही आठवली तरी चालतील, शेवट विसरला असाल तरी चालेल, पण कुठली खोली होती, कसला आवाज होता, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तेव्हा कुठे बसून वाचत होतात, गच्चीत की माळ्यावर की पांघरुणात, घरात कोण कोण होतं, कोणाची चाहूल लागली की पुस्तक कुठे सारायचं, हे सगळं लिहा आणि खाली तारीख टाका. हे आधीच करायला हवं, कारण पुस्तक उघडून दहा पानं वाचली ना, की छापलेला मजकूर जुन्या आठवणीवर चढून बसतो आणि मग आपलं काय होतं आणि पुस्तकातलं काय होतं हे वेगळं काढता येत नाही. माझ्या दोन कादंबऱ्या अशा वाया गेल्या. तिसऱ्या वेळी लिहून ठेवलं म्हणून पुढचं सगळं कळलं.

ती तिसरी म्हणजे साताऱ्याला आत्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत वाचलेली एक पॉकेटबुक, मी चौथीत होते. कव्हर नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, त्यामुळे नाव-लेखक काही माहीत नाही. त्या काळी अशी पॉकेटबुकं लिहिणारे ढिगाने होते. मी कागदावर लिहिलं होतं: बाळंतिणीची खोली, बाहेरून कडी, कडी पितळेची आणि ती आपोआप वर-खाली होते, आतलं माणूस मात्र झोपलेलं. एवढं स्पष्ट आठवत होतं की कडीवर पडलेला कंदिलाचा उजेडसुद्धा सांगितला असता.

आता शोधायचं कसं. प्रसंग सांगून शोधू नका. मी कित्येक वर्षं रद्दीवाल्यांना, जुन्या पुस्तकवाल्यांना, लायब्ररीतल्या काकांना "ती कडी हलते ती कादंबरी" असं विचारत होते आणि कोणालाच माहीत नव्हती. त्याऐवजी पुस्तकाचा आकार, जाडी, कागद, कव्हरवरचा रंग, साधारण कुठल्या वर्षी वाचलं, किंमत किती होती, असलं सांगा. जुन्या पुस्तकांत वावरणारी माणसं पुस्तक हाताने ओळखतात. जुनी ग्रंथालयं अजून आहेत, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, अशा ठिकाणी सभासद होऊन समोरासमोर विचारा, फोनवर नको. गल्लीतली सर्क्युलेटिंग लायब्ररी बंद पडली असेल तर तिची पुस्तकं कोणी घेतली ते शेजारच्या दुकानात विचारा, कोणी ना कोणी गठ्ठ्याने उचललेली असतात. पण सगळ्यात आधी घरातच बघा, मावशीची कपाटं, आत्याची ट्रंक, माळ्यावरचे खोके. या पुस्तकांना काचेच्या कपाटात जागा कधीच नव्हती, त्यामुळे ती जिथे लपवली तिथेच राहून जातात.

विकत घेताना घाई करू नका. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्मनी बांधलेलं असतं आणि जुन्या पॉकेटबुकात एखादा फॉर्म अख्खाच गळून गेलेला असतो, म्हणून पान १६, ३२, ४८ असं पुढे पुढे बघत जा आणि शेवटचं पान आहे ना ते आधी बघा. रहस्यकथेचं शेवटचं पान नसण्यासारखं दुःख नाही.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची बरीच पुस्तकं नव्या आवृत्तीत मिळतात, ती विकतच घ्या. फुकटच्या पीडीएफ फिरत असतात पण आपल्या कायद्याने लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, धारप २००८ साली गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत. ज्या माणसाने आपल्या रात्री जागवल्या त्याच्या घरच्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

जुनी प्रत मिळाली तर लगेच वाचायला बसू नका. तो स्वस्त कागद असतो, त्यातला लाकडाचा अंश पूर्ण काढलेला नसतो, म्हणून तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो आणि कडेने तुकडे पडायला लागतात. पुस्तक चपटं उघडू नका, पाठ मोडते. सेलोटेप तर अजिबात लावू नका, तिचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. कसर लागलीय असं वाटलं तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दहा-बारा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या नाहीतर पाणी सुटतं. आणि कडक उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या.

वाचायला बसण्याआधी अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लाज सोडा. आपल्याला लहानपणी "असलं काय वाचतेस" ऐकवलेलं असतं ना, ते अजून कानात असतं, त्यामुळे मोठेपणी ही पुस्तकं वाचताना आपण एकतर हसत वाचतो किंवा समीक्षक होऊन वाचतो. दोन्हीने पुस्तक हाताला लागत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी कितीतरी घरांत अशा माणसांना वाचायची सवय लावली ज्यांच्या हातात दुसरं पुस्तक कधी आलंच नसतं. आमची आत्या सातवीपर्यंत शिकलेली. ती अर्नाळकरांवर वाचायला शिकली आणि मग थांबलीच नाही. तेव्हा हे वाचायचं तर ज्या विश्वासाने तेव्हा वाचलं तसंच वाचा.

पहिलं वाचन एका दमात करा. हातात पेन्सिल नको, मोबाईल दुसऱ्या खोलीत, जेवणं आटपून घरातले झोपले की बसा, मोठी लाईट बंद आणि एकच दिवा. लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने वाचाल तर काही होणार नाही, भीतीला साठायला वेळ लागतो आणि मध्येच दादर आलं की ती सांडते. भीती वाटली नाही तरी जबरदस्ती करू नका, पुस्तक मिटून ठेवा आणि आठ दिवसांनी दुसरं वाचन करा, आता पेन्सिल घेऊन.

या दुसऱ्या वेळी एकच शोधायचं, बिघडायला नेमकी कुठे सुरुवात झाली ते. भूत येतं तिथे नाही, त्याच्या कितीतरी आधी. चांगला भयलेखक पहिली पंधरा-वीस पानं आपल्याला नुसतं घर दाखवत असतो आणि लहानपणी आपण ती पानं भराभर उलटलेली असतात. माझ्या त्या पॉकेटबुकात अकराव्या पानावर वडील ऑफिसातून येतात, उंबऱ्याबाहेर चपला काढतात, छत्री अडकवतात, पाय धुवायला जातात. बाराव्या पानावर बायको दार लावायला येते आणि बाहेर चपलांचे तीन जोड आहेत, घरात माणसं दोन. लेखक त्याच्यावर एक शब्द बोलत नाही, ती दार लावते आणि पोळ्या करायला जाते. चौथीत मला हे वाक्य दिसलंही नव्हतं. आता चाळिशीत वाचताना तिथेच माझा हात थांबला आणि मी उठून आमच्या दाराबाहेरच्या चपला मोजून आले. अशी जागा सापडली की तिथे बारीक खूण करा, लेखकाचं खरं काम तिथे असतं.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना ही खूण बहुतेक वेळा माणसाच्या मनातच पडते, बाहेरच्या कुठल्या वस्तूवर नाही. म्हणून त्या लहानपणी कमी आणि मोठेपणी जास्त झोंबतात. त्यांच्याकडे परत जाल तर दोनच कथा वाचून थांबा, एका रात्रीत अख्खा संग्रह संपवू नका.

मोठेपणी अजून एक कळतं, की यातलं बरंच बाहेरून आलेलं होतं. धारपांची 'लुचाई' अमेरिकन भयलेखक स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट' कादंबरीवर बेतलेली, आणि ज्या 'आजी' कथेतून २०१८ चा 'तुंबाड' सिनेमा सुचला तीसुद्धा किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं, खरंच वाईट वाटलं. पण 'ग्रॅमा' आणि 'आजी' शेजारी ठेवून वाचा, मूळ आधी आणि मराठी नंतर, हा क्रम पाळा. पोरगा घरात एकटा आणि सोबतीला फक्त म्हातारी, एवढंच मूळ आहे, पण आपल्याकडे आजी म्हणजे भीती वाटली की जिच्या कुशीत शिरायचं ती, आणि तिचीच भीती वाटायला लागली तर पोराने जायचं कुठे? गोष्ट तीच, पण मराठीत येताना तिने आपल्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा काढून घेतली. हे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता जे सोसत नाही त्याचं काय करायचं. ते असणारच आहे. माझ्या पुस्तकातली दुष्ट बाई म्हणजे एक लंगडी सुईण, "गावाबाहेर" राहणारी. चौथीत मला गावाबाहेर म्हणजे नुसतं लांब, अंधारात एवढंच कळलं होतं. गावाबाहेर कोणाला ठेवलं जायचं हे आता माहीत आहे आणि तो एक शब्द वाचून पोटात कालवतं. नरबळीचं तसंच, तेव्हा ती गोष्ट होती, आता ती पेपरातली बातमी आहे, सातपुड्याकडे बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, आणि नरबळी-जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हायला आपल्याकडे २०१३ साल उजाडावं लागलं, तेही दाभोलकरांचा खून झाल्यावर. तर अशा जागा आल्या की पान उलटून पुढे पळू नका आणि "तो काळच तसा होता" म्हणून सोडूनही देऊ नका. समासात पेन्सिलने लिहा, काय खुपलं ते सरळ शब्दांत. माझ्या प्रतीत त्या सुईणीच्या पानावर मी लिहिलंय की हिचं घर कोणी आतून दाखवलंच नाही.

आणि मग तो पहिला कागद काढा. लिहिलेली आठवण आणि पुस्तक ओळीने ताडून बघा. माझ्या पुस्तकात पितळी कडी नाहीच. मी दोनदा वाचलं, कुठेच नाही. म्हणून तर ती कोणाला माहीत नव्हती. पुस्तक सापडलं ते शेवटी आत्याच्याच ट्रंकेत, साड्यांच्या खाली, आणि त्यात पान ६२ आणि ६३ दिसतच नव्हती कारण दोन पानं कडेने काळ्या दोऱ्याने शिवून टाकलेली होती, बारीक बारीक टाके. लहानपणी मला वाटलं होतं फाटलंय म्हणून शिवलंय. आत्याला विचारलं तर म्हणाली, "तू हातात घेतलंस त्या आदल्या रात्री मीच शिवलं. त्यात तान्ह्या बाळाचं होतं गं." त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरात बाळ जन्मून चौथ्या दिवशी गेलं होतं, आई आत्याकडेच होती, त्या खोलीला बाहेरून कडी लावत असत. पितळेची. शिवलेल्या पानांमध्ये काय असेल ते मी आमच्या घरातलं घेऊन भरलं होतं आणि इतकी वर्षं ते पुस्तकातलं समजत होते.

म्हणून ज्यांच्या घरात वाचलं ती माणसं आहेत तोवर त्यांच्यासोबत वाचा, शक्य झालं तर मोठ्याने. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला बारीक टाईप दिसत नाही, तेव्हा मी वाचलं आणि तिने ऐकलं, चार दुपारी लागल्या. टाके तिने स्वतः नखकात्रीने काढले, मला काढू दिले नाहीत, आणि ६२ वं पान मी वाचत असताना ती माझा हात धरून बसली होती.

घरात वाचण्याच्या वयाची मुलं असतील तर हे पुस्तक त्यांच्या हाताला लागणारच, लपवू नका. आधी तुमचं वाचून झालेलं असू द्या, कुठल्या पानावर काय आहे ते माहीत असू द्या, आणि ज्या रात्री ते पान येईल त्या रात्री त्यांच्याच खोलीत झोपा. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला मी तीच प्रत दिलीय. टाक्यांची भोकं कागदात अजून आहेत, ती कसली ते तिने विचारलं, मी सांगितलं. काल रात्री ती सत्तेचाळिसाव्या पानावर होती.