इंग्लंडमधील जुन्या हवेल्यांच्या ग्रंथालयांतून मराठ्यांविषयीची पुस्तके कशी जमवावीत

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुणे, मुंबई आणि सातारा येथे नोकरी करून मायदेशी परतलेल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या वाट्याला खरेदीने किंवा वारशाने खेड्यातील हवेल्या आल्या, आणि मराठ्यांविषयी लंडनमध्ये छापलेली पुस्तके त्या हवेल्यांच्या कपाटांत जाऊन बसली. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारचा वकील, चार्ल्स मॅलेट याच्या घराण्याकडे विल्टशरमधील विलबरी हाउस होते, पुण्याचा पुढचा रेसिडेंट एल्फिन्स्टन सरे परगण्यातील हुकवुड येथे राहिला आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला स्कॉटलंडमधील बॅन्फजवळची ईडनची जहागीर मिळाली. एल्फिन्स्टनचा पुण्यातील संग्रह मात्र ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरच्या रेसिडेन्सीबरोबर जळाला.

अशी घराणी पुस्तके विकू लागली त्याला शेतीतील मंदी आणि वारसाकर ही मोठी कारणे होती. १८८२ च्या कायद्याने घराण्याशी बांधलेली वडिलोपार्जित चीजवस्तू न्यायालयाच्या परवानगीने विकणे सोपे झाले, आणि त्या सुमारास सुरू झालेली संग्रहांची फाटाफूट आजतागायत चालू आहे. शर्बर्न कॅसलमधील मॅकल्सफील्ड घराण्याचे ग्रंथालय २००४ पासून अनेक हप्त्यांत लिलावात निघाले, हे अलीकडचे ठळक उदाहरण आहे. म्हणून नव्या संग्राहकाने हवेलीचे दार ठोठावण्याच्या भानगडीत पडू नये. प्रांतिक लिलावगृहांच्या सूची नियमित वाचाव्यात आणि एकदोन जाणत्या पुस्तकविक्रेत्यांशी ओळख ठेवावी.

आधी काय हवे ते ठरवावे. मराठी वाचकाला चार नावे पुरेशी आहेत: ग्रँट डफचा १८२६ चा तीन खंडांतील मराठ्यांचा इतिहास, राघोबादादांच्या मोहिमेत कर्नल कीटिंगचा चिटणीस असलेल्या जेम्स फोर्ब्जच्या १८१३ च्या चार खंडांतील आठवणी, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर राहिलेल्या एडवर्ड मूरचे १७९४ चे मोहिमेचे वर्णन, आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ब्रॉटनने लिहिलेली, १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे. सुरुवात ग्रँट डफपासून करावी, कारण त्याच्या पुढच्या आवृत्त्या पुष्कळ निघाल्या आहेत आणि त्यांच्याशी ताडून पाहताना पहिल्या आवृत्तीची ओळख आपोआप पटते.

पुस्तक हाती आले की किंमत विचारण्यापूर्वी ते पूर्ण आहे की नाही हे पाहावे. फर्म्यांच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या) तळाशी छापलेली अक्षरे क्रमाने वाचत जावीत, म्हणजे मधले पान गेले असेल तर लगेच कळते. त्यानंतर चित्रे मोजावीत, कारण जुन्या रंगीत चित्रांना चौकटीत घालून विकणारे व्यापारी पुस्तके फाडण्यात पटाईत असतात. ब्रॉटनच्या शीर्षकपानावरच दहा रंगीत चित्रांचा उल्लेख आहे, तरीही मी एका लिलावात ‘चित्रांसह’ एवढाच शब्द वाचून बोली लावली आणि घरी आल्यावर नऊच चित्रे निघाली. दहावे चित्र जिथे होते, तिथल्या समोरच्या पानावर त्याच्या शाईची फिकट तपकिरी सावली उमटलेली होती आणि शिवणीजवळ ब्लेडने कापलेली बारीक पट्टी उरली होती. ही सावली आणि ही पट्टी शोधण्याची सवय लावून घ्यावी. तक्रारीला जागा नव्हती, कारण सूचीत त्या लॉटपुढे (लॉट म्हणजे एका बोलीत विकला जाणारा माल) ‘सर्व दोषांसह’ असा अर्थ असलेली तीन आद्याक्षरे होती आणि मी ती वाचली नव्हती. अनेक खंडांच्या लॉटला हा शेरा बहुधा असतोच.

चित्रे नंतरची छापील तर नाहीत ना, हे पाहण्यासाठी पान उजेडासमोर धरावे. १७९४ नंतर इंग्रज कागदगिरण्या जलचिन्हात वर्ष घालू लागल्या, त्यामुळे व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याच्या नावाखाली १८११ सारखा आकडा स्पष्ट दिसतो. पुस्तक १८१३ चे आणि चित्राच्या कागदावर १८२० चा आकडा असेल, तर ती प्रत उशिराची आहे आणि बोली त्या मानानेच लावावी.

हवेलीतून आलेल्या पुस्तकाचे खरे मोल त्याच्या मालकीच्या खुणांत असते, आणि इथे घाई करू नये. आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले घराण्याचे नाममुद्रापत्र, म्हणजे मालकाचे नाव आणि ढालीवरील कुलचिन्ह छापलेली चिठ्ठी (बुकप्लेट), आधी वाचावे. ढालीभोवती वेलबुट्टी आणि शिंपल्यांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ते साधारणपणे अठराव्या शतकाच्या मधल्या दशकांतले असते. फावड्याच्या आकाराची साधी ढाल असेल तर शतकाच्या अखेरीचे. ढालीवर लाल पंजा असला तर मालक बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणाऱ्या ‘सर’ किताबाचा धनी) होता, म्हणजे ते पत्र किताब मिळण्यापूर्वीचे असूच शकत नाही. मॅलेटला हा किताब १७९१ मध्ये मिळाला, हे लक्षात ठेवले की तारीख आपसूक बांधली जाते. वर मुकुट असल्यास मालक उमराव होता, म्हणून त्याचा दर्जा कळण्यासाठी त्यावरचे मोती मोजावेत: बॅरनच्या मुकुटाचे चित्रात चार दिसतात, अर्लच्या मुकुटाचे पाच आणि तेही उंच दांड्यांवर. हा हिशेब मला गावातल्या देवळातील शिलालेखाचा काळ अदमासण्यासारखाच वाटतो, आणि त्यात तसाच वेळ जातो.

नाममुद्रापत्राच्या कडेखालून दुसऱ्या, मोठ्या कागदाचा डाग डोकावत असेल तर जुने पत्र काढून नवे चिकटवले आहे असे समजावे. ते लबाडीचेच असते असे नाही, कारण वारस बदलला की पत्रही बदलत असे. पण कोणाचे पुस्तक आहे याबद्दल विक्रेत्याने केलेल्या दाव्याला अशा वेळी दुसरा पुरावा मागावा. हा दुसरा पुरावा बहुतेक वेळा कोपऱ्यात पेन्सिलीने किंवा शाईने लिहिलेल्या कपाटखुणेत मिळतो. अक्षर कपाटाचे, पुढचा आकडा फळीचा आणि शेवटचा आकडा फळीवरील जागेचा, अशी ती रचना असते, आणि एकाच हवेलीतील दोन पुस्तकांत खुणेचे हस्ताक्षर जुळले तर घराण्याचा संबंध पक्का होतो. याउलट ‘एका सद्गृहस्थाच्या ग्रंथालयातून’ हे सूचीतील वाक्य मला कधीच उपयोगी पडलेले नाही, कारण सद्गृहस्थ कोण ते त्यात नसते. कातड्याच्या पाठी दिवाणखान्यात शोभतात म्हणून मीटरच्या हिशेबाने विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या राशींना तर या पत्रांची गरजच पडत नाही. त्या राशींपासून दूर राहावे.

बांधणी तपासताना पाठ आणि पुठ्ठा यांमधील सांधा फाटला आहे का, ते पुस्तक अर्धेच उघडून पाहावे. एकोणिसाव्या शतकातील उत्तरार्धातले वासराचे कातडे बोटांना लालसर भुकटी लावते. ती कातड्याच्या कमावणीची आणि दिव्याच्या वायूची करणी आहे. त्यावर तेल किंवा तूप चोळू नये, कारण त्याने डाग पानांपर्यंत जातात. हायड्रॉक्सिप्रोपाइल सेल्युलोजचे पातळ द्रावण वापरणारा जाणकार दुरुस्तीकार शोधावा, आणि सुस्थितीतल्या जुन्या बांधणीला नवी करून घेण्याचा मोह टाळावा, कारण पाठीबरोबर खुणाही जातात. १८४० ते १८६० च्या काळातील झळझळीत हिरव्या कापडी बांधणीत आर्सेनिक असू शकते. ती हातमोजे घालून हाताळावी आणि मुलांच्या आवाक्यात ठेवू नये.

बोली लावताना लक्षात असू द्यावे की हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावगृहाचे शुल्क साधारण २० ते ३० टक्के बसते, आणि वर पाठवणीचा खर्च. मनातला आकडा या सगळ्यासकट ठरवून कागदावर लिहून ठेवावा. पुस्तकात जुनी पत्रे किंवा हस्तलिखित टिपणे दडलेली असतील तर अधिक काळजी घ्यावी: ५० वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना ब्रिटनबाहेर नेण्यास परवाना लागतो. भारतात एकदा आलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुन्हा बाहेर नेताना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची अडचण येऊ शकते, म्हणून खरेदीची पावती आणि आयातीची कागदपत्रे जपून ठेवावीत.

इंग्लंडच्या थंड खोलीतून पुस्तक पुण्यात किंवा मुंबईत येते तेव्हा खोके लगेच उघडू नये. एक दिवस तसेच राहू द्यावे, म्हणजे कागदावर दव धरत नाही. पावसाळ्यात आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था करावी आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे. फोर्ब्जसारखे मोठ्या आकाराचे जड खंड आडवे ठेवावेत. प्रत्येक पुस्तकाची खरेदीची तारीख, लॉटचा आकडा आणि आढळलेल्या खुणा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती आम्लरहित पाकिटात पुस्तकाजवळ ठेवावी, म्हणजे पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर काहीही लिहावे लागत नाही.